कमळी येईपर्यंत

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तरी आदल्या संध्याकाळचे ते दोन वर झालेले हात डोळ्यांपुढून हलत नव्हते. आई आत चुलीपाशी होती. बाहेर आम्ही तीन भावांनी हात वर करून निकाल लावला होता. दोघे इस्राएलला जायच्या बाजूने, मी एकटा विरुद्ध. आम्ही कोकणातले बेने इस्राएल. पनवेलला वाढलो, नोकरीपायी मुंबईला गेलो आणि आता बोटीने कायमचे निघणार होतो.

"आधी पनवेल पाहून येतो," मी तेव्हा म्हटलं होतं.

"तिथं पाहायला काय आहे?" थोरला म्हणाला. आता याला काय सांगणार!

उरणजवळ मोऱ्याच्या बंदराला उतरलो. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि माझे डोळेच भरून आले. शेजारची कोळीण म्हणाली, "काय रं दादा, बोट लागली काय?" मी मुकाट्याने हो म्हटलं.

पनवेलला आमच्या जुन्या घरापाशी थांबवेना. तिथे दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. सुकापूर मागे टाकून डोंगराची वाट धरली. वडील देवीची लस टोचायला ठाकरवाडीत जायचे, तेव्हा मला बरोबर न्यायचे. करवंदाच्या जाळ्या होत्या तिथेच होत्या, धाप तेवढी नवीन होती.

आंब्याखाली सगळी वाडी बसली होती. वाडीचा कारभारी चांगो आता पार पिकला होता. "देवीवाल्याचा पोर ना तू? बस," म्हणत त्याने आंबील (नाचणीची आंबवलेली पेज) पुढे केली. ठाकरांच्या बोलीत साहेबापासून देवापर्यंत सगळे 'तू'च.

सरकारचा नवा कायदा येऊ घातला होता. वाडी खालच्या मोठ्या गावाच्या पंचायतीला जोडायची, असं मसुद्यात होतं. पाणवठा, गुरांचं रान, भांडणं, सगळ्याचा निवाडा आजवर वाडीच करत आली होती.

"खाली घरं ढीगभर, आमी मूठभर," चांगो म्हणाला. "हात मोजलं तं आमी कुटं?"

तेवढ्यात मसुद्यावर वाडीचं मत घ्यायला सरकारी साहेब आले, घामाघूम होऊन. माणूस वाईट नव्हता.

"बस घटकाभर. आंबील घे," चांगो म्हणाला.

"नको, वेळ नाही." साहेबांनी मसुदा समजावून सांगितला. "कुणाची हरकत असेल तर हात वर करा."

एकही हात हलला नाही. मी चांगोला कोपराने ढोसलं. तो ढिम्म. हरकत नाही असं धरून साहेब उतरून गेले.

मी भडकलोच. "अरे, बोलला का नाहीस?"

"कमळी नाय आली अजून."

कमळी म्हणजे शेवटच्या खोपटातली एकटी म्हातारी. मोळी विकायला ती बाजाराला गेली होती. एक जरी घर बैठकीला नसलं, तर या वाडीत कुणी मत उच्चारत नाही.

"मी त्याला बस म्हनलंच व्हतं," चांगो म्हणाला.

उन्हं कलल्यावर कमळी आली. सगळं ऐकून म्हणाली, "माज्या दारचा झरा खालच्यांच्या हाती? नाय." मग एकेक घर 'नाय' म्हणत गेलं आणि साहेबांना ते सांगायला सगळी वाडी माझ्याबरोबर पनवेलच्या कचेरीकडे निघाली. दमलेली कमळी पुन्हा डोंगर उतरली. साहेब अलिबागला परतले होते, कचेरीला कुलूप होतं.

"येल तो. बसू," म्हणत चांगोने पायरीवर बैठक मारली.

रात्र धर्मशाळेत काढून सकाळी निरोप घ्यायला गेलो तर मंडळी तिथेच. देश सोडून चाललोय, दोन विरुद्ध एक असं ठरलंय, हे मी चांगोला सांगितलं.

"तुजं नाय झालं, तरी ठरलं?" तो चकित झाला. "आन तुजी आय काय म्हनली?"

मी मोऱ्याची वाट धरली.

लाँचमधून उरणचे डोंगर दिसेनासे होईपर्यंत मी पाहत राहिलो. या मातीची आठवण मला जन्मभर छळणार, आणि त्याहून जास्त त्या पायरीवरच्या माणसांची. त्यांचं कुणी ऐकेल की नाही, देव जाणे. पण एका म्हातारीसाठी ती सगळी खोळंबली होती.

घरी पोहोचलो. आई भाकरी थापत होती.

"आई, तुला जायचंय का गं?"

तिचा हात थांबला. तिने तव्यावरची भाकरी उतरवली. मग पिठाचे हात पुसून म्हणाली, "भावांना बोलाव."