लेबल नसलेलं खोकं

कुंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत नव्या पुस्तकांची कार्डं टाइप करत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मेंदूतल्या गाठीनं सुधाकर रामटेके जाणार हे आम्हाला चार महिन्यांपासून माहीत होतं. तरीही त्यांच्या घरी जाताना ईडन प्रेरीचं वळण मी चुकलो आणि फ्रीवेवर पाच मैल पुढे जाऊन परत आलो... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. बुद्धवंदना झाली, शिकागोहून आलेली मंडळी परतली. लिहायला बसल्यावर डोळ्यांपुढे येतं ते त्याचं तळघर.

सुधाकर नागपूरचा, धातुशास्त्र शिकलेला. इथे एका ओतकामाच्या कारखान्यात तो माल तपासत असे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत दोष शोधणं हाच त्याचा धंदा. कारखान्यातल्या एका मित्रानं त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेलं आणि त्याला ती गोडी लागली. मराठी मंडळाच्या जेवणांत लोक टोमणे मारत, "रामटेके, बुद्धाचा माणूस आणि हातात बंदूक?" तो शांतपणे वरणभात कालवत म्हणे, "कागदाला मारतो बे. कागदाची काही तक्रार नाही." विकतची काडतुसं त्याला एकसारखी वाटत नसत, म्हणून तो घरीच भरू लागला. मिनेसोटाचा हिवाळा लांब. शनिवारी दुपारी मी खाली बसून काडतुसं भरायच्या पुस्तकातले आकडे मोठ्यानं वाचायचे आणि त्यानं तराजूवर दारू तोलायची, असं आमचं ठरून गेलं. मी आयुष्यात बंदूक झाडलेली नाही. तो मला 'लायब्ररी' म्हणे. "अबे लायब्ररी, ती ओळ पुन्हा वाच. झोपू नको."

काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडाशी एक चिमुकली टोपी बसते, तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढला की पिन तिच्यावर आदळते आणि ठिणगी पडते. सुरुवातीला एकदा कुणा अनोळखी माणसाकडून त्यानं जुने प्रायमर घेतले होते. मैदानावर तिसऱ्या वेळी चाप ओढला तेव्हा नुसतं 'टक्' झालं. सुधाकरनं नळी निशाणाकडेच ठेवली आणि मला हातानंच थांबवलं. ठिणगी उशिराही पडू शकते, म्हणून कितीतरी वेळ दोघंही हललो नाही... मग त्यानं ते काडतूस काढलं आणि सामान आवरायला घेतलं. "एकच तर होतं," मी म्हणालो. "एक उडालं नाही तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवू? सांग ना." त्या दिवसापासून एकच कंपनी, एकच लॉट, तोही कोरड्या जागी माल ठेवणाऱ्या दुकानातला. लॉट बदलला की पुस्तकातल्या दारूच्या सगळ्यात कमी मापापासून तो पुन्हा सुरुवात करी.

पितळी पुंगळ्यांचंही तसंच. मैदानावर पडलेल्या, दुसऱ्यांच्या पुंगळ्या तो उचलत नसे. आपल्या स्वतःच्या, एकाच कारखान्याचा शिक्का असलेल्या, आणि प्रत्येक किती वेळा वापरली याची नोंद ठेवलेल्या. तोंडाशी चीर आहे का ते दिव्याखाली बघायचं. मग माझ्या खिशातली कागदांची पिन मागून घ्यायची, सरळ करायची, टोक किंचित वाकवायचं आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून फिरवायचं. बुडाजवळ टोक अडखळलं तर तिथे पितळ झिजलंय, कधीतरी तिथेच तुटेल. एकदा मला करायला लावलं. "लागलं काही?" "नाही." "डोळे मिट अन् बघ." डोळे मिटले आणि खरंच, केसाएवढी खाच टोकाला लागली. त्यानं पक्कड घेऊन ती पुंगळी चेपून टाकली. माझ्याकडे बघून असा हसला, जणू मी परीक्षा पास झालो.

भरून झालेल्या खोक्यावर तो लेबल लावी: तारीख, लॉट, दारूचं वजन, आणि खाली मराठीत 'सु. रा.'. शिवाय घरी काडतुसं भरणाऱ्या लोकांचा एक पक्का नियम आहे. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस झाडायचं नाही. त्याची मुलगी मित्रा कॉलेजात नेमबाजी करू लागली, तेव्हा तिलाही हाच नियम. "बाबा, डोन्ट आय ट्रस्ट यू?" "ठेव ना भरवसा. पण तुझं काडतूस तू भर."

जानेवारीत त्यानं मला शनिवारचं यायचं बंद करायला सांगितलं. "बर्फ आहे, काहून येतो?" मी ते मानलं. थकला असेल, असं वाटलं.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी तळघरात एक खोकं सापडलं. पन्नास काडतुसं, लेबल नाही. मित्रा म्हणाली, "काका, आय वॉन्ट टू शूट दीज इन जून." जूनमध्ये तिची मोठी स्पर्धा आहे.

"लेबल नाही गं त्यावर."

"सो व्हॉट? ही वॉज सिक. ही फरगॉट."

"त्यांच्या हातचं आहे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं कधी चुकलंय का?"

त्या दोघींना नाही म्हणणं मला फार जड गेलं. पण काडतूस फाटलं तर डोळा तिचा जाणार होता. मी म्हणालो, "लेबल विसरला असेल, तर आणखी काय विसरला असेल?"

"दॅट्स मीन, काका."

"उघडून बघू. बरोबर निघाली तर पुन्हा भर."

"देन दे आर माइन. नॉट हिज."

मग हट्टानंच तिनं सगळी काडतुसं दिव्याखाली उलटी उभी केली, मला दाखवायला. दोन ओळी ठीक होत्या, सगळे प्रायमर चंदेरी. तिसऱ्या ओळीत मध्येच दोन सोनेरी. पुंगळ्यांवरचे शिक्के दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे. एक प्रायमर नीट बसलेलाही नव्हता. ती बघतच राहिली. "धिस इजन्ट हिज वर्क."

"त्याचंच आहे, मित्रा."

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेबल ते विसरले नव्हते. मी चहा घेऊन आले तर पेन हातात, समोर हे खोकं. म्हणाले, कुंदा, यावर माझं नाव नको. मला वाटलं, दुखण्यानं काहीतरी बोलतायत..."

मित्रानं प्लॅस्टिकची पोकळ हातोडी काढली, तिच्यात पहिलं काडतूस अडकवलं आणि लाकडी ओंडक्यावर आपटली. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते, दारू वेगळी होते. पन्नासच्या पन्नास तिनं उघडली. मी मोजत होतो.

गेल्या शनिवारी तिनं स्वतःचं खोकं भरलं. बाकावर लेबलांचं रीळ आहे. त्याच्या टोकाचं लेबल अर्धवट सोलून पुन्हा दाबून बसवलेलं आहे, थोडं तिरकं, कोरं. ते तिनं काढलं नाही. त्याच्या पुढचं घेतलं, आणि मराठीत 'मि. रा.' कसं लिहायचं ते मला विचारलं.