कडक चापाचं रिव्हॉल्व्हर

शोभाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "काकू, आई गेली... पहाटे, झोपेतच." शोभा म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, आमच्या अक्काची, एकुलती एक मुलगी. मी जुडी खाली ठेवली आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात भलतंच आलं. आप्पा तर केव्हाच गेले, आमचे मालक जाऊन आठ वर्षं झाली, आणि आता ही पण तिकडं पोचली. तिघं एकीकडं, मी एकटी इकडं. मेलेल्या माणसावरही जळणारी बाई कुणी पाहिली नसेल तर ती मी. उदगीरला तिला माती दिली तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. जो तो म्हणत होता, काय धीराची बाई, त्या काळात कमरेला पिस्तूल लावून फिरायची! ते पिस्तूल मी निवडून दिलं होतं, आणि का निवडून दिलं होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं... निदान मला तसं वाटत होतं.

आप्पा म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. उदगीरला त्यांची लहानशी डाळमिल होती. एका दुपारी मिलमधल्या गादीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि संपलं. चाळिशीही धड ओलांडली नव्हती. अक्कानं महिनाभरात मिल उघडली. लातूर वेगळा जिल्हा व्हायच्या बेतात होतं आणि त्याच्या आधीच दुष्काळ येऊन बसला होता. तूर मिळेना, म्हणून अक्का जीप काढून रोख पैसे घेऊन खेडोपाडी हिंडायची. तशात तिच्या नेहमीच्या रस्त्यावर एका अडत्याला चोरांनी गाठून लुटलं, त्याचा हात मोडला. अक्कानं रिव्हॉल्व्हरच्या लायसनसाठी अर्ज केला. अर्ज दिला उस्मानाबादला आणि तेवढ्यात जिल्हा झाला वेगळा, फायलींचे गठ्ठे ट्रकांनी लातूरला येऊन पडलेले. आमचे मालक नव्या कलेक्टर कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर कारकून. रोज दुपारी डबा खाल्ला की हे उठून विचारायला जायचे, आमच्या वहिनींची फाईल आली का. मी शाळेत मास्तरीण, माझ्या बदलीचा अर्ज दोन वर्षं धूळ खात पडला होता, त्यासाठी हा माणूस एका टेबलाशी उभा राहिला नव्हता. मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुझी बदली न्हाई झाली तर तुला कुणी रस्त्यात अडवणार हाय का?" पण पोटात जे दुखायचं ते दुखतच राहिलं.

लायसन झालं. नांदेडला जुनी हत्यारं वाजवी दरात मिळतात असं मालकांनी कुठूनसं काढलं. मी म्हटलं, मी पण येणार. "तू काय करणार तिथं?" "बघणार." अक्का उदगीरहून आली, आम्ही लातूरहून. दुकानदार हबीबसाब तेव्हा तिशीतले असतील. अक्कानं आपली ऐपत आधीच सांगून टाकली, मिलची जळालेली मोटार नवी घ्यायला जे बाजूला ठेवलं होतं तेवढंच. हबीबसाब म्हणाले, "बाई, नवं पाहिजे तर नंबर लावा, बसा वाट बघत, आणि दाम याच्या दुप्पट. पहिलंच हाय ना? जुनं घ्या. फकत खराब घेऊ नका." त्यांनी दोन काढून गादीवर ठेवली, दोन्ही बत्तीस बोअरची. एक आखूड नळीचं, हलकं, रंग उडालेलं, मुठीच्या लाकडाला चीर गेलेली. दुसरं भोकरकडच्या एका मयत पाटलाचं, वारसांनी विकायला आणून ठेवलेलं. जड, काळंभोर, चकचकीत. अक्का तुरीचा माल बघावा तसं बघत होती. गोळ्या भरायचं चाक हलतंय का, घोडा मागं ओढला की जाग्यावर थांबतोय का, नळी उजेडाकडं धरून आत गंज हाय का. मग म्हणाली, तराजू आणा. हबीबसाब हसले, पण शेजारच्या किराणा दुकानातून तराजू आला आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरं वजन करून झाली. लायसन नसलेल्या माणसाच्या हातात हत्यार देत नाहीत, म्हणून मी नुसती बघत होते. हत्यारांपेक्षा मालकांकडंच जास्त बघत होते. "वहिनी, हलकंच घ्या. वहिनी, मनगट भरून येत न्हाई ना?" माझं मनगट त्याच आठवड्यात घागरी वाहून सुजलं होतं, ते यांना दिसलं नव्हतं.

आणि अक्का एकदम माझ्याकडं वळली. "सुमे, तू सांग. तुझी नजर चांगली हाय." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असल्या बाबतीत विचारलं होतं. मालकांनी हलक्यावर बोट ठेवलेलं, म्हणून मी दुसऱ्यावर ठेवलं. म्हटलं, "हे घ्या. भारदस्त हाय. चार माणसं नुसतं बघूनच पळतील." हबीबसाब म्हणाले, "याचा चाप लई सख्त हाय. बाईमाणसाचं बोट न्हाई ओढणार." अक्कानं रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढून पाहिला. एका बोटानं हलेना, दोन्ही हातांची बोटं लावली तेव्हा कुठं खट् झालं. ती माझ्याकडं जराशी जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "धाकटीनं सांगितलंय. हेच द्या." परतीच्या बसमध्ये मालक तोंड फिरवून बसले होते आणि मी खिडकीत बसून मजेत शेंगा खाल्ल्या. तो रस्ता, ती एकटी बाई, तो न ओढला जाणारा चाप... यातलं काहीही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी जिंकले होते.

पण माझी करणी मलाच भोवली. पंधरा दिवसांनी मालक म्हणाले, वहिनींना चाप ओढता येत न्हाई, शिकवावं लागेल. आणि दर रविवारी हे उदगीरला जायला लागले. रविवार आमच्या गल्लीत टँकर यायचा दिवस. मी दोन घागरी आणि एक बादली घेऊन रांगेत भांडायची, आणि हे इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या बसनं पसार. कडक चाप कुणी निवडून दिला? मीच. कुणाला दोष द्यायची सोय नाही. रात्री येऊन गप जेवायचे, डोळे लाल. मी विचारायची, "झालं का शिकवून?" "हळूहळू होईल," म्हणायचे. असे किती रविवार गेले. शेजारची एक बाई मला म्हणाली, तुमचे साहेब भावाच्या घराकडं लई लक्ष देऊन राहिलेत हो. त्या रविवारी मी घागरी तिच्याच दारात ठेवल्या आणि पुढची बस धरून उदगीर गाठलं. काय बघायला निघाले होते ते लिहायची मला आज लाज वाटते, पण तेच बघायला निघाले होते.

मिलच्या मागच्या दारानं आत शिरले. अक्का कचेरीच्या उंबऱ्याशी आतल्या बाजूला पाठ करून बसली होती, सुपात तूर पाखडत. रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवलेलं. आणि आतून आवाज येत होता. आप्पांच्या गादीवर आमचे मालक डोकं टेकून रडत होते. हुंदके देऊन, लहान लेकरासारखं. मला बघताच अक्कानं ओठावर बोट ठेवलं, उठून माझा हात धरला आणि मला आवाराबाहेर आणलं. ती म्हणाली, "चाप लई कडक हाय गं सुमे. अजून चार-सा रविवार लागतील भाऊजींना." एवढंच. मी त्याच पावली लातूरला परत आले. बसमध्ये मला एक गोष्ट आठवली. आप्पा गेले त्याच्या दहाव्या दिवशी मालक स्वयंपाकघरात येऊन रडायला लागले होते आणि मी म्हटलं होतं, पुरुषमाणसानं असं रडायचं असतं का, लेकरं घाबरतात. त्यानंतर हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नाही. मला वाटायचं, सावरला. माझा संशय त्या दिवशी फिटला, पण जळणं थांबलं नाही, उलट वाढलं. दुसऱ्या बाईकडं जातो म्हणून भांडता तरी येतं. दुसऱ्या बाईच्या दारात जाऊन रडतो म्हणून कुणाशी भांडायचं?

मी यातलं एक अक्षर मालकांना कधी बोलले नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पुढं पाऊसपाणी झालं, रविवार कमी होत गेले. अक्कानं ते रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं सांभाळलं, दर निवडणुकीला ठाण्यात जमा करायची, परत आणायची. त्यानं कधी कुणाला इजा झाली नाही, रस्त्यात तिला कुणी अडवलंही नाही. दसऱ्याला हत्याराची पूजा मांडली की मला म्हणायची, "तुझी निवड हाय, तूच फूल वाहा." मी वाहायची, आणि मनात म्हणायची, टोमणा मारते बघा.

मागच्या महिन्यात शोभा म्हणाली, "काकू, हे घरात ठेवता येत नाही. माझ्यासोबत चला." लायसन माणसाबरोबर संपतं. ठाण्यात वर्दी दिली, कागद केले आणि दोघी ते नांदेडच्या त्याच दुकानात जमा करायला गेलो. हबीबसाब थकलेत, पण गल्ल्यावर बसतात. त्यांनी चाक उघडून रिकामं असल्याची खात्री केली, नळी खाली धरली आणि करंगळीनं चाप ओढला. करंगळीनं... खट्. मी म्हटलं, "साब, याचा चाप तर कडक होता." ते म्हणाले, "होता ना. तुम्ही घेऊन गेला, अन् आठ दिवसांत बाई परत आल्या. एकट्याच, एस्टीनं. बोलल्या, स्प्रिंग बदलून द्या भाईसाब, पण घरात कुणाला सांगू नका. म्हणून ध्यानात ऱ्हायलं." शोभा हसली, आईचं आपलं काहीतरीच, म्हणाली. मी मनात दिवस मोजले. म्हणजे मालक पहिल्या रविवारी निघाले त्याच्या आधीच चाप सैल झाला होता. शिकवायचं असं काही नव्हतंच. त्या माणसाला माझ्या घरातून बाहेर पडून रडायला एक निमित्त हवं होतं, आणि अक्कानं माझ्याच खोटेपणातून ते काढून दिलं. माझ्या निवडीला नाव ठेवलं नाही, त्यांच्या रडण्याला नाव ठेवू दिलं नाही. मला तिचा अजून राग येतो. जे माझ्या नवऱ्याला हवं होतं ते तिला दिसलं, मला दिसलं नाही, याचा राग जाणार कसा?

परवा रविवारी मी शोभाकडून मिलची किल्ली घेतली आणि उदगीरला गेले. कचेरी तशीच आहे, गादीवरची चादर तेवढी बदललेली. मालक टेकायचे त्या तक्क्याला टेकून बसले. अक्का गेल्यापासून मी चारचौघांत रडले नव्हते आणि एकटीनंही रडले नव्हते. आता रडू येईल असं वाटलं, तसं पदर तोंडाशी नेला आणि सवयीनं दाराकडं पाहिलं. उंबऱ्याशी पाठ करून बसायला कुणी नव्हतं. मी उठले आणि आतून कडी लावून घेतली.