जोतं पाहणारे शेजारी

बोथ गावात माझ्या शेजारी राहणारे कारकून कुणाकडेही गेले, की चहाआधी त्या घराचं जोतं पाहतात. आपल्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खोल न्यावा, नाहीतर पावसाळ्यात माती फुगून भिंत तडकते, हे ते भेटेल त्याला हौसेने सांगतात.

लेकीला घेऊन ते नदीजवळच्या बेज्जूरला स्थळ पाहायला निघाले, तेव्हा मीही सोबत होतो. तिथे पोचताच ते गायब झाले. पाहुणे रुसले असं वाटून मुलाचे वडील कावरेबावरे झाले. एवढ्यात कारकून घरामागून हात झटकत आले.

"जोतं कमरेएवढं उंच हाय. नदीचं पानी घरात येनार नाई. आमाले पसंत!"

लेक हसून म्हणाली, "बाबा, पोरगा आत बसून हाय. आता त्याले बी पाहून घ्या ना!"