भोंगा वाजवत या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण जिच्यात रक्ताचा थेंब सांडला नाही आणि कोणाला अटकही झाली नाही, ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत खारघरच्या कडेला एक जुनं गाव होतं. चहूबाजूंनी टॉवर, मधे गावदेवीचं देऊळ, एक पिंपळ आणि दोन आळ्या. महापालिकेची निवडणूक झाली आणि गाव उभं चिरलं. वरची आळी एका पक्षाची, खालची दुसऱ्या. पालखी कोणी उचलायची यावरून वाद झाला, तेव्हापासून पालखी देवळातच बसून होती. हळदीला एका आळीचा माणूस दुसऱ्या आळीच्या मांडवात पाय ठेवत नसे. आणि दोन्ही गटांचे पुढारी कोण, तर सख्खे भाऊ. दोघांची घरं आपापल्या आळीच्या तोंडाशी, देवळासमोर, पण बोलणं बंद. याने माझ्या वाढदिवसाचा बॅनर झाकला, त्याने माझ्या दारात मुद्दाम फटाके लावले, असल्या तक्रारींचा गठ्ठा आमच्याकडे पडून होता.

अशा गावातून कंट्रोल रूमला फोन येऊ लागले. वेळ बहुधा दिवेलागणीच्या आधीची. "देवलाजवल लोकं जमल्यात, मारामारी व्हनार हाय." आमची गाडी जायची, तर देवळापाशी कुत्रंसुद्धा नसायचं. पण गाडी थांबली की थोड्याच वेळात दोन्ही आळ्यांतून माणसं बाहेर पडायची. पोलीस आले की आपण हजर पाहिजे, नाहीतर दुसरा गट आपल्याविरुद्ध काहीतरी लिहून देईल, ही दोघांनाही धास्ती. थोरला देवळाच्या पायरीवर उभा राही, धाकटा पिंपळाखाली, आणि मधे आमचा हवालदार.

"फोन कोणी केला?"

"आमी नाय."

"आमी पन नाय."

एकदा आमची गाडी अशीच तिथे अडकली असताना महामार्गावर एका ट्रेलरने दुचाकीला धडक दिली आणि आम्हाला पोहोचायला उशीर झाला. जखमी वाचला, हे त्याचं नशीब. वरिष्ठांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. खोटी खबर देणाऱ्याला शोधा आणि गुन्हा नोंदवा, असा आदेश झाला.

नंबर काढले आणि पंचाईत झाली. काही फोन थोरल्याच्या नावावरच्या नंबरवरून आले होते, काही धाकट्याच्या. एक महिना हा नंबर, पुढचा महिना तो. माझा उपनिरीक्षक म्हणाला, "दोघं मिळून आपल्याला नाचवतायत, साहेब." मला पटेना. जे एका टपरीवर चहा पीत नाहीत, ते मिळून कट कसला करणार?

फोनचं रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. आवाज घोगरा, बाईचा की पुरुषाचा ते कळू नये असा. पण प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य होतं, "भोंगा वाजवत या." असं सांगणारा खबऱ्या मी कधी पाहिला नव्हता. खबर देणारा म्हणतो, गुपचूप या, माझं नाव येऊ देऊ नका. या माणसाला तर साऱ्या गावाला कळायला हवं होतं.

दोघा भावांना ठाण्यात बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. माझा अनुभव असा, की गुन्ह्याबद्दल विचारलं की माणूस सावध होतो आणि घरच्यांबद्दल विचारलं की सैल होतो.

थोरल्याला विचारलं, "हा फोन कोण वापरतं?"

"कोन नाय, साहेब. जुना हाय, घरान पडलेला असतो."

"दिवसभर घरी कोण असतं?"

"आये असते. पन आता नाय. आता तिचा म्हयना त्याच्याकडं हाय."

भावाचं नाव त्याने घेतलं नाही. पलीकडच्या खोलीत धाकट्यानेही तसंच सांगितलं, आई या महिन्यात आपल्याकडे, गेल्या महिन्यात 'त्याच्याकडं', तेही भावाचं नाव न घेता. जमीन शहरात गेली होती, वाटून घ्यायला उरली होती ती आई. एक महिना वरच्या आळीत, एक महिना खालच्या. नंबरांचे महिने आणि तिचे महिने जुळवून पाहिले. तंतोतंत जुळले.

महिला शिपायाला बरोबर घेऊन मी साध्या कपड्यात गेलो. म्हातारी धाकट्याच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिथून देऊळ सरळ दिसत होतं.

"मावशी, फोन तुम्ही करता?"

"करते."

"खोटी खबर देणं गुन्हा आहे. माहीत आहे ना?"

"मंग ने मना. पन नेताना दोघांना सांग. दोघं येतील."

ती पुढे म्हणाली, "तुजी गारी आली का दोघं देवलापुरं येतान. एक पायरीवं, एक पिंपलाखाली. मी इथून बगते."

"आणि भोंगा कशाला?"

"भोंगा नाय वाजला तर धाकला उठत नाय. लहानपनापास्नं झोपाल्या हाय."

शिपाई हसली, मीही हसलो. म्हातारी मात्र हसली नाही. "नायतर दोघं एकदम येतील ते माज्या मयताला," ती म्हणाली. "तवा मी कशी बगू?"

तिचे हात शेंगा सोलतच होते.

'वयोवृद्ध महिलेस समज दिली' असा अहवाल पाठवला. वरिष्ठ तणतणले, तणतणू दिलं. म्हातारीकडून मात्र शब्द घेतला, की यापुढे फोन करायचा नाही, दोघांना मी आणतो. आणि मीही शब्द दिला, की फोन कोण करत होतं हे मुलांना कळू देणार नाही.

शांतता समितीची बैठक एरवी ठाण्यात होते. सणाच्या तोंडावर, वेफर आणि चहाबरोबर. मी त्या गावाची बैठक दर महिन्याची केली आणि जागा ठरवली म्हातारीचा ओटा. ज्याच्याकडे तिचा महिना, त्याच्याच घरी. पोलिसांचं बोलावणं, नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्या बैठकीला थोरला बराच वेळ धाकट्याच्या पायरीखाली उभा राहिला. म्हातारीने चहाचा कप ओट्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "निवतो." मग तो वर चढला.

पक्षाचा विषय काढायचा नाही, एवढा एकच नियम मी केला होता. गावातून सुसाट जाणारे डंपर, नळाचं पाणी, तुंबलेली गटारं, यावर दोन्ही आळ्या एका सुरात बोलायच्या. पुढे टॉवरमधल्या बायकाही पाण्याची तक्रार घेऊन त्याच ओट्यावर टेकू लागल्या. एकदा म्हातारी उठताना कळवळली. थोरला कोणाकडेच न बघता म्हणाला, "गुडघा दुखतो तिचा." धाकट्यानेही जमिनीकडे बघत म्हटलं, "माज्याकडं तेल हाय. म्हयना बदलला का संगं घेऊन जा." कित्येक वर्षांत भावाने भावाला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. पक्ष दोघांनीही सोडले नाहीत, पुढच्या निवडणुकीत पुन्हा एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पण त्या वर्षी पालखी निघाली, आणि पुढच्या दांड्याला दोघांचे खांदे होते.

निवृत्त झालो तेव्हा मी तिला सांगायला गेलो. बायको आधीच गेली होती, मुलगी बंगळूरला. म्हातारीने विचारलं, "आता घरान कोन हाय तुज्या?"

"कोणी नाही, मावशी."

"मंग तू कोनाला फोन करशील?"

मी हसून वेळ मारून नेली. पुढे ती गेली, तेव्हा दोन्ही भावांनी एकाच फोनवरून मला कळवलं. आधी थोरला बोलला, मग त्याने फोन धाकट्याच्या हातात दिला. मयताला दोघं पुढे होते. मला एवढंच समाधान, की दोघांना असं एकत्र तिने आधीच डोळ्यांनी पाहिलं होतं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसांची मतं बदलायच्या भानगडीत पडू नये, त्यांना दारात यायला कारण द्यावं, एवढं मला कळलं. पण ते दुसऱ्याच्या गावात करणं सोपं होतं, कारण अंगावर वर्दी होती.

नवीन पनवेलच्या माझ्या इमारतीत निवडणुकीपासून दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेत. मी एकाही ग्रुपमध्ये नाही. लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये मान घालून उभे असतात, माजी पोलिसाशी बोलायला तर कोणालाच उत्साह नसतो. काही संध्याकाळी फोन हातात येतो आणि वाटतं, कंट्रोल रूमचा नंबर फिरवावा, मारामारी होणार आहे म्हणून सांगावं, भोंगा वाजवत या म्हणावं. निदान सगळे खाली तरी उतरतील. मग फोन ठेवतो, घरातल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचलतो आणि खाली गेटजवळ मांडून बसतो. दुसऱ्या खुर्चीवर अजून कोणी बसलेलं नाही. तरी मी दोन्ही नेतो.