न पाहिलेलं ‘नाही’

सूर्यवंशी सरांना शेवटचं भेटले तेव्हा भर उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर दोन चादरी होत्या. कमलनगरच्या त्यांच्या घरी मी वाट वाकडी करून गेले होते. डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं होतं. वहिनी दारातच म्हणाल्या, “कालपासून थंडी वाजायलीय ह्यांना, आन् मला म्हणतात, काही न्हाई, पंखा जोरात हाय.” मी पिशवी ठेवली, हात धुतले, खोलीचं दार लावलं आणि मानेजवळच्या नळीवरची पट्टी उचलली. कडेला लाली होती, दाबल्यावर पू आला. मी बोलायच्या आधी सरच म्हणाले, “बघितलात नव्हं? मग आता ‘हाय’ म्हणून लिहा.” मी गाडी बोलावली. ती येईपर्यंत वीसेक मिनिटं होती. तेवढ्या वेळात मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी सांगायला मी अकरा वर्षं घेतली होती. नवव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. जंतू रक्तात गेले होते... ज्यांनी आयुष्यभर डॉक्टरकीच्या मुलांना ताप ओळखायला शिकवलं, ते तापानंच गेले. याला आता दीड महिना झाला.

मी नर्स आहे. एका शिकवणाऱ्या रुग्णालयात सरांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली. वॉर्ड तापाचा. मलेरिया, डेंगू, टायफॉइड, क्षय, आणि नाव न कळलेले ताप सगळ्यांत जास्त. सर सीमाभागातल्या, कमलनगरकडच्याच एका खेड्यातले. आजोबांच्या काळात घर बौद्ध झालं, वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आणि हे घरातले पहिले डॉक्टर. पेशंटशी कन्नडमधून किंवा दखनी उर्दूतून बोलायचे, मुलांना इंग्रजीतून शिकवायचे, आणि रागावले की सरळ आमच्या मराठीवर यायचे. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, तरी मला ‘अक्का’ म्हणायचे. एकदा एका विद्यार्थ्यानं पलंगाच्या पायथ्याशी उभं राहूनच सांगून टाकलं, “सर, डेंगू.”

“डास तुझ्या ओळखीचा हाय काय?”

“प्लेटलेट कमी आहेत, सर.”

“प्लेटलेट मलेरियात बी कमी व्हतात. बाईला काय विचारलास?”

“ताप कधीपासून, ते विचारलं.”

“आन् ती काम काय करती, पाणी कुठलं पिती, घरात अजून कुणाला ताप यायलाय, हे कोण विचारणार? तिची म्हैस?”

बाई तापातही हसली होती. सरांचा क्रम ठरलेला असे. आधी विचारा, मग डोक्यापासून तळव्यापर्यंत बघा, मग हात लावा, मग रक्त पाठवा. औषध देण्याआधी रक्त काढा, पण पेशंट खचत असेल तर रिपोर्टची वाट बघत औषध अडवून ठेवू नका. यात नवं काही नाही, पुस्तकात असतंच. पण चाळीस खाटांच्या वॉर्डात साठ पेशंट असले की पहिली काट मारली जाते ती ‘बघण्या’वर. हे मला चांगलं माहीत आहे, कारण काट मारणारी मीच होते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळा संपत आला होता. सुगंधा नावाची पस्तिशीची बाई आली, सहा दिवसांचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं. बरोबर नवरा, दीर, सासू. गावात सुया टोचून झाल्या होत्या, फरक नव्हता. त्या दिवशी रेणुका नावाची इंटर्न होती, हुशार, हळवी, कामाला जरा सावकाश. तिनं बाईला तपासायला सुरुवात केली आणि मला म्हणाली, “सिस्टर, कंबर, काखा बघायच्या आहेत. आडोसा करता का?” आडोसा म्हणजे दोन नर्सनी चादर धरून उभं राहायचं. माझ्याकडे दोन नर्स मोकळ्या नव्हत्या. शेजारच्या खाटेवर एकाला झटके येत होते. सुगंधा पदर घट्ट धरून बसलेली, दीर तिथंच उभा. मी म्हणाले, “ती लाजायलीय, राहू दे. सलाईन लाव आधी. अंगावर काही नाही म्हणून लिही, सकाळी सर बघतील.” रेणुकानं पेन उघडलं आणि तसं लिहिलं. नवरा मागून सांगत होता, “रोज बांधाला गवत कापाय जायची ओ, त्याच्यानं ताप आला काय?” मी ऐकलं. त्याला बाहेर बसायला सांगितलं.

मी चटपटीत आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. त्या दिवशी तो चटपटीतपणा एका बाईला महागात पडला.

सकाळी सरांनी कागद वाचला, रेणुकाला विचारलं, “अंग बघितलीस?” ती “हो सर” म्हणाली. आता काय म्हणणार? डेंगू समजून उपचार चालले. तिसऱ्या दिवशी सुगंधाला दम लागला, लघवी थांबली, तिला अतिदक्षता विभागात नेलं. मी तिथं मदतीला गेले होते. अंग पुसताना परकराच्या नाडीखाली, डाव्या बाजूला, मला ते दिसलं. सिगारेटचा चटका बसावा तेवढी काळी खपली, भोवती लाल कडं. स्क्रब टायफसची खूण. गवताझुडपातला किडा चावतो, डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. ती खूण दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही, आणि घट्ट कपड्याखाली, घडीत लपते, म्हणून आपोआप दिसत नाही. औषध साधं, वेळेत मिळालं तर दोन दिवसांत ताप उतरतो. मी सरांना तिथूनच हाक मारली. औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. नवरा लुगड्याचं गाठोडं घेऊन जिन्यात बसला होता, गवताचंच बोलत होता.

सरांनी सगळ्यांना वॉर्डात उभं केलं. “हे कोण लिहिलंय?” रेणुका पुढं आली. “डोळ्यानं बघितली न्हाईस, आन् हातानं ‘नाही’ लिहिलीस? न बघितलेलं ‘नाही’ लिहिणं म्हणजे पुढच्याचे डोळे बांधणं. त्यापेक्षा कोरं सोडायचीस, मी तरी बघितलो असतो.” मग म्हणाले, “आन् ते वाचून गप बसलो तो मी.” रेणुकानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी इंजेक्शनचा ट्रे लावत होते. आधीच लावलेला ट्रे मी पुन्हा लावत होते.

पुढच्या महिन्यात सरांनी हिरव्या कापडाचा एक पडदा करवून आणला, लोखंडी चौकटीचा, खाली मोडक्या स्ट्रेचरची चाकं. तपासणीच्या कागदावर दोन रकाने वाढवले, ‘पाहिलं’ आणि ‘पाहिलं नाही’. दुसऱ्या रकान्यात खूण केली म्हणून ते कधीच कुणाला रागावले नाहीत, फक्त त्याच दिवशी जाऊन बघायला लावायचे. पडदा ओढायचं काम माझ्याकडे दिलं. “अक्का, हे तुमचं,” एवढंच म्हणाले. त्यानंतर त्या पडद्याआड किती खुणा सापडल्या ते मी मोजलं नाही. घरी चालत गेलेल्या बायका आठवतात. पण रोज पडदा ओढताना मला वाटायचं, यांना कळलं तर?

कमलनगरच्या त्या खोलीत मी सगळं सांगून टाकलं. सर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले.

“ठाऊक हाय अक्का,” ते म्हणाले. “रेणुका आपल्या मनानं खोटं लिहिणारी पोरगी नव्हती. त्या शिफ्टला तुम्ही व्हतात.”

“मग बोलला का नाही?”

“कामून बोलू? तुम्हाला काढलो असतो तर पडदा कोण ओढलं असतं?” जरा दम घेऊन म्हणाले, “पोरीला एकटी उभी केलो, ते माझं चुकलं. तुमचं काय चुकलं ते तुम्हाला ठाऊक हाय. मला सांगून आता काय उपयोग... तिला सांगा.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वहिनी चप्पल शोधू लागल्या.

लोक याला मोठ्या मनाची क्षमा म्हणतील. शोकसभेत बुद्धवंदना झाल्यावर सगळे त्यांच्या मोठ्या मनाबद्दलच बोलत होते. मला ती क्षमा वाटत नाही. त्यांनी मला कामाला लावलं होतं, आणि माझ्यासारखीला तेच बरोबर होतं. पण त्यात रेणुकाच्या वाट्याला काय आलं ते कुणीच पाहिलं नाही, ना त्यांनी, ना मी. ती आता दुसऱ्या गावी एक्स-रे आणि सीटीच्या फिल्मा वाचते. सर म्हणायचे, पोरगी चांगली फिजिशियन झाली असती.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. सगळं सांगितलं.

“मी तेव्हा तुमच्याकडे बघितलं होतं, सिस्टर.”

“हो.”

“तुम्ही ट्रे लावत होता.”

“हो.”

“त्यानंतर मला पेशंटच्या अंगाला हात लावायची भीती बसली,” ती म्हणाली. “फिल्मा वाचायच्या पडल्यात, ठेवते.” आणि फोन ठेवला.

पडदा अजून वॉर्डात आहे. कापड दर शनिवारी धुवून घेते, फिकं पडलंय. डावीकडचं पुढचं चाक अडतं. सर त्याला बुटाच्या टोकानं एक टोला द्यायचे आणि मग पडदा सरकायचा. परवा नवी बॅच आली. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी, पेन उघडून तयार, बाहेर लांब रांग. म्हणाली, “सिस्टर, गर्दी आहे खूप. या आजींच्या अंगावर काही नाही असं लिहू का?” मी चाकाला पायानं टोला दिला, पडदा ओढला, तिला आत घेतलं आणि तिच्या हातातलं पेन काढून माझ्या खिशात ठेवलं.