तापाचा बोकड

मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातला रायभान हैद्राबादला जाऊन गुरांचा डॉक्टर झाला, याचं त्याच्या गावाला, हसनाबादला, कौतुक होतं. हैद्राबादच्या सरकारी प्रयोगशाळेत बुळकांडीवर, गुरांच्या जीवघेण्या साथीवर, नवी लस करत होते आणि रायभान त्या कामात मदतनीस होता. रोगाचं विष एका बोकडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात टोचत न्यायचं. तसं करता करता त्याची धार कमी होई. मग ताप भरलेला बोकड कापायचा आणि त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाटून लस करायची. ती टोचलेल्या जनावराला बुळकांडी होत नसे.

१९३४ साली रोग गावाजवळच्या भोकरदनपर्यंत आला. लस बर्फात ठेवावी लागे आणि खेड्यात बर्फ टिकत नाही, म्हणून रायभानने जिवंत बोकडातूनच विष गावी न्यायचं ठरवलं. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "जमलं तर संशोधनात कायम करतो. बिघडवलंस तर परत येऊ नको."

बोकड गोठ्यात बांधून तो चावडीवर गेला आणि गडीमाणसांना सगळं समजावत बसला. घरात एवढंच म्हणाला, "याला पाणी पाजा."

बोकडाला ताप भरला तसा रायभान हरखून वाड्या-वस्त्यांवर निघाला. "उद्या सकाळी गुरं घेऊन या, बिलकुल चुकू नका," असं दारोदार सांगून दुपारी परतला. गोठा रिकामा होता.

"आई, बोकड कुठंय?"

"मरीआईला दिला," गोपिकाबाई म्हणाली. "अंगात आग होती त्याच्या. देवीनं हात लावलेलं जनावर घरात ठिवायचं का? तुझ्या आज्यापासून असंच करून राह्यलो आपण."

"आन् पाणथरी?"

"भाजून निवद दावला. बस, जेव. कालवण निवून राह्यलं."

रायभान चुलीपुढे बसून हाताने निखारे उकरू लागला. त्याची बायको सगुणा म्हणाली, "आता कशाला भाजून घेता? चावडीवर घसा बसूस्तर सांगितलं, मंग आमाला सांगायला काय झाल्तं? पाणी पाजायला तेवढ्या आमी!"



उलटा निरोप पोचायच्या आत सकाळी वाड्यांवरची गुरं आली. त्यांतल्या एका गाईच्या तोंडाला लाळ लागलेली होती. "जल्दी माघारी न्या, एकमेकांत मिसळू देऊ नका," असं रायभान ओरडत राहिला.

"बोलावलं तूच, हाकलतोस बी तूच? मंग टोच की!" वाडीवरचा पुंजाराम म्हणाला.

टोचायला काही नव्हतं. तहानलेली गुरं सगळी एकाच हाळावर, गावच्या दगडी डोणीत, पाणी प्याली आणि आपापल्या वस्तीला गेली. रोग त्यांच्याबरोबर गेला. ज्या वाड्या रायभानने पालथ्या घातल्या होत्या, त्यांच्या दावणी आधी रिकाम्या झाल्या. घरची बैलजोडी शेवटी गेली.

प्रयोगशाळेने त्याला परत घेतलं नाही. तो जालन्याला कातड्याच्या गोदामात लागला. त्या वर्षी माल भरपूर होता.

गोपिकाबाईने पुढे एकदा विचारलं, "त्या बोकडात काय होतं रे, आता तरी सांग."

"आता कशाला?" रायभान म्हणाला आणि पायताण घालून कामावर गेला.