सुतकाच्या घरचं पाणी

म्हसळ्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये मैना शिरली की कुत्रीसुद्धा भुंकत नसत, असं लोक गमतीनं म्हणायचे. लग्न कुणाच्याही घरचं असो, आवतणाला मैनाच लागायची. फोनवर येऊन पडलेल्या पत्रिकेला इकडे कुणी बोलावणं समजत नाही. सवाष्णीनं घरी यावं, घरधनिणीला कुंकू लावावं, हातावर अक्षता ठेवाव्यात आणि तोंडानं "या हां लग्नाला" म्हणावं, तेव्हा कुठे आवतण पोचतं. एखादं घर राहून गेलं तर त्या घरचा रुसवा पुढच्या पिढीपर्यंत जातो. मैनाच्या हातून कधी घर राहिलं नव्हतं. तरुणपणी ती पायी फिरली, मग एसटीनं, आणि मुलगा कमावता झाल्यापासून त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. मांडीवर अक्षतांची पिवळी पिशवी घट्ट धरलेली असायची.

या वर्षी मात्र लग्न तिच्याच घरचं होतं. तिची लेक मृणाली मे महिन्यात बोहल्यावर चढायची होती. मैनाचा नवरा अंबाजी मुंबईत एका सोसायटीचा वॉचमन. त्याला सुटी मिळणार ती हळदीपुरतीच. म्हणजे सगळा भार मुलावर, धनेशवर. धनेश हरिहरेश्वरच्या लॉजांमधले एसी दुरुस्त करायचा. उन्हाळा हा त्याच्या कामाचा हंगाम, मालकानं कशीबशी एका दिवसाची सुटी दिली होती. दुसऱ्या दिवशी अमावस्या. अमावस्येला आवतण करत नाहीत आणि त्यानंतर धनेशला वेळ नाही. तेव्हा उरलेली सगळी घरं आजच उरकायची, असं मायलेकांनी ठरवलं.

निघताना मैनानं एक कांदा त्याच्या खिशात कोंबला.

"आये, पोरं हसतात गं. एसीवाला धनेश आणि खिशात कांदा."

"हसू देत. तुझा आजा उभा जन्म उन्हात राबला तो या कांद्यावर."

"आजा दुपारचा झाडाखाली झोपायचा पण," धनेश म्हणाला आणि त्यानं हेल्मेटवर टिचकी मारली. "माझ्या डोक्यावर हे मडकं. आत भात शिजंल."

सकाळ बरी गेली. नंतर वारा पडला. खाडीकडून दमट वाफ यावी तशी हवा अंगाला चिकटू लागली. रस्ता रुंद करताना कडेचे आंबे, चिंचा तोडल्या होत्या, त्यामुळे एका वाडीहून दुसऱ्या वाडीपर्यंत सावलीचा तुकडा नाही. डांबर मऊ पडलं होतं. प्रत्येक घराहून निघताना मैना सीटवर पदराची घडी टाकायची, मगच बसायची. गाडी चालू असताना समोरून येणारा वारा चुलीतून फुंकल्यासारखा तोंडावर आपटायचा.

ती घरात गेली की धनेश गाडीजवळच उभा राही. मांडववाल्याचा फोन, डीजेवाल्याचा फोन, आचाऱ्याचा फोन. आत मैनाला पाट मिळे, पंखा मिळे, कोकमाचं सरबत मिळे. एकदा तो आत येऊन थेट पाण्याच्या कळशीकडे वळला, तेव्हा तिनंच त्याला अडवलं.

"उन्हातून आलायस. लगेच घटाघटा पिऊ नये, बाधतं. आधी दम खा जरा."

त्यानं दम खाल्ला. तेवढ्यात फोन वाजला, तो बोलत बाहेर गेला, आणि मग निघायची वेळ झाली. पुढच्या घरीही तसंच झालं. तिथल्या आत्यानं त्याला दारातच पकडलं.

"काय रे, बहिणीचा नंबर लागला. तुझा कधी?"

"मला कोण देतोय पोरगी, आत्ये? एसीवाल्याच्या घरात पंखाच हाय आणि तोपण खरखरतो."

सगळे हसले. मैनाही हसली. पोरगा उन्हातही हसरा राहतो याचा तिला अभिमान वाटला. ते त्याचं त्या दिवशीचं शेवटचं हसतं बोलणं.

दुपारनंतर तो गप्प झाला. मैनाला वाटलं, दमला असेल. त्याच्या पाठीला चिकटलेला शर्ट आता सुकला होता आणि त्यावर मिठागराच्या कडेला उमटतात तशा पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. घाम थांबला हे बघून तिला हायसं वाटलं. कांद्यानं ऊन ओढून घेतलं, असं तिच्या मनात आलं. मग मावशीच्या घराकडे वळायचं सोडून तो सरळ पुढे गेला. लहानपणची प्रत्येक सुटी त्यानं त्या घरात काढली होती. मैनानं खांद्यावर थाप मारली.

"अरे, मावशीचं घर गेलं की मागं!"

त्यानं गाडी थांबवली. पाय टेकवताना गाडी एका अंगाला कलली, त्यानं ती कशीबशी सावरली.

"आये, थंडी वाजते गं," तो म्हणाला.

"या उन्हात थंडी? ताप आलाय का काय?" तिनं त्याच्या मानेला हात लावला आणि झटकन काढला. तव्याचा बसावा तसा चटका होता. "धनेश, पाणी पी आता. इथंच थांब."

समोरच एक घर होतं. पण घर बघितलं आणि मैनाची पावलं अंगणाच्या कडेला अडली. ते दयारामचं घर. त्याचा बाप जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पडवीत दयाराम गोटा केलेल्या डोक्यानं खांबाला टेकून बसला होता. सुतक म्हणून हे एकच घर आवतणातून वगळायचं ठरलं होतं. बारावं-तेरावं झाल्यावर सांगू, समजून घेतील, असं.

दयारामची बायको काशी पाण्याची कळशी घेऊन धावतच आली. आली आणि पिवळी पिशवी दिसताच चार हातांवर थांबली.

"वैनी, तुमच्याकडं अक्षता हायत. आमचं तर सुतक." तिनं कळशी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "पाणी देऊ का?"

खरं तर उत्तर सोपं होतं. पण मैनाच्या डोळ्यांसमोर मृणाली आली. लेकीच्या अक्षता सुतकाच्या घरी टेकल्या, आवतणाच्या वाटेवर पाणी सुतकाच्या घरचं प्यालं, आणि उद्या संसारात काही वेडंवाकडं झालं तर? ज्या बाईनं शंभर लग्नांची आवतणं केली, तिनं स्वतःच्या लेकीच्या वेळी असं केलं, हे लोक आयुष्यभर बोलतील. तिनं धनेशकडे पाहिलं. तो हँडलवर डोकं टेकून बसला होता.

"नको गं काशी," ती म्हणाली. "पुढचं आवतणाचं घर सुचिताचंच हाय ना. तिथं घेतो. चढ चढला की आलंच."

काशी कळशी घेऊन तशीच उभी राहिली.

धनेशनं गाडी चालू केली. पहिल्या झटक्यात झाली नाही, दुसऱ्यात झाली. चढाच्या मध्यावर त्यानं गियर बदललाच नाही. इंजिन गुरगुरलं, थरथरलं आणि बंद पडलं. गाडी मागे सरकली. "ब्रेक दाब, धनेश!" मैना ओरडली. त्याचे हात हँडलवरून आधीच सुटले होते. दोघंही डांबरावर पडले. तिचं कोपर सोलून निघालं, पण तिला कळलं ते इतकंच की खिशातला कांदा बाहेर पडून उतारावरून घरंगळत चाललाय, आणि धनेशचे डोळे उघडे असूनही तिला बघत नाहीत.

काशी धावत चढावर आली. आता तिनं विचारलं नाही. तिनं त्याचं हेल्मेट काढून कळशी डोक्यावर उपडी केली, मागे वळून दुसरी मागितली, तिसरी मागितली. दयाराम त्या उघड्या डोक्यानं उन्हात धावत आला. सुतकात कुणाला शिवायचं नसतं, पण त्यानं धनेशला काखेत हात घालून उचललं. पिवळी पिशवी धनेशच्या अंगाखाली सापडली होती. भिजलेल्या अक्षतांची हळद डांबरावरून ओघळली आणि मैनाच्या डोळ्यांदेखत सुकलीसुद्धा.

दयारामच्या भावाच्या टेम्पोतून त्याला म्हसळ्याला नेलं. तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईनं विचारलं, "घाम कधी बंद झाला? पाणी शेवटचं कधी प्यायले होते?"

मैना आठवू लागली. कुठल्या घरी तिला कोकम मिळालं, कुठे पन्हं, कुठे गार ताक, सगळं तिच्या जिभेवर होतं. धनेशनं काय घेतलं, ते कुठल्याच घराशी जुळेना.

"खिशात कांदा होता," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं लिहिता लिहिता वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

धनेश जगला. लोक म्हणतात, नशीब थोर. उष्णता मेंदूपर्यंत पोचली होती, डॉक्टरांनी सांगितलं. तोल आणि हात किती सुधारतील, सांगता येत नाही. आवतणं गेली होती म्हणून लग्न ठरल्या दिवशीच झालं, डीजेशिवाय. मृणाली मांडवातून उठून थेट दवाखान्यात भावाला भेटायला गेली, मग सासरी. अंबाजीनं मैनाला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटतं.

सासऱ्याचं तेरावं झाल्यावर काशी मैनाच्या घरी आली. ओट्याच्या कडेला बसली.

"वैनी, मी तेव्हा इचारायलाच नको होतं. देऊन टाकायचं होतं."

"तू इचारलंस," मैना म्हणाली. "न्हाय मी म्हणाले."

मैनानं चहा ठेवला.

मोटरसायकल पडवीत उभी आहे, वर जुनी चादर टाकलेली. हत्यारांची पेटी धनेशनं एकदा उघडली होती. पाना हातात धरला, हात थरथरून तो खाली पडला, आणि त्यानं पेटी पायानं ढकलून दिली. आता तो दुपारभर ओट्यावर बसतो. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलतो, मधे कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. निम्मं पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडतं. मैना समोर बसून बघत राहते, पदराचं टोक मुठीत आवळून.

परवा त्यानं पेला ओठांपर्यंत नेला आणि मधेच थांबला. जड जिभेनं, एकेक शब्द शोधत, जुन्या हसऱ्या डोळ्यांनी म्हणाला,

"आये... उन्हातून... न्हाय आलो. पिऊ ना?"

मैनानं मान डोलावली. तो प्याला. पेला रिकामा झाला, तेव्हा तिनं तो न विचारता पुन्हा भरला.